पानी, पाणी आणि पोर्टफोलिओ

दिवाळीपासून आमच्या नात्यात आणि गल्लीत मिळून तीन मुलांनी "मला अभिनयात जायचंय" असं जाहीर केलं आहे. एकाला नट व्हायचंय, एकीला मालिकेत काम करायचंय आणि तिसऱ्याला, म्हणजे माझ्या भाचीच्या मुलाला, व्हॉइस ओव्हर करायचंय. जाहिरातीला, माहितीपटाला, दुसऱ्या भाषेतल्या सिनेमाला नुसता आवाज द्यायचा, तो धंदा. तिन्ही घरांतून मला फोन आले. मी मराठी शिकवायची, गॅदरिंगची नाटकं बसवायची, तेव्हा मला यातलं काहीतरी कळत असणार असा सगळ्यांचा समज! प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा दुखला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे (प्रतिक्रिया देत नाहीत, पण वाचतात). काहींना राग येईल. येऊ दे.

मुलांना अडवू नका, हे सांगायला मी बसलेली नाही. अडवण्याचे दिवस गेले. पूर्वी पोरगं नाटकात जातो म्हणालं की बाप पाठीत धपाटा घालायचा आणि विषय संपायचा. आता बाप सोयाबीनच्या पैशातून त्याचा पोर्टफोलिओ काढून देतो आणि चारचौघांत सांगतो की आमचा पोरगा "लाईनीत" गेला. माझं भांडण या नव्या कौतुकाशी आहे, आणि या कौतुकावर पोट भरणाऱ्यांशी तर आहेच आहे.

हा धंदा कसा चालतो ते आधी सांगते, कारण तिन्ही घरांत थोड्याफार फरकाने एकच गोष्ट घडली. मोबाईलवर जाहिरात येते: नवीन मराठी वेबसिरीजसाठी कलाकार पाहिजेत, वय ५ ते ६०, अनुभवाची अट नाही. शहरात कुठल्यातरी हॉटेलचा हॉल घेतलेला असतो. दाराशी नोंदणीचे पाचशे रुपये. आत एक जण कॅमेरा लावून बसलेला. मुलगी दोन ओळी म्हणते आणि चार दिवसांनी फोन येतो, अभिनंदन, तुमची निवड झाली! मग खरी गंमत सुरू. पोर्टफोलिओ हवा, म्हणजे निरनिराळ्या कपड्यांत हनुवटीला हात लावून काढलेले फोटो, आणि ते त्यांच्याच फोटोग्राफरकडून. मग "आर्टिस्ट कार्ड". मग सात दिवसांची कार्यशाळा. आमच्या गल्लीतल्या मुलीच्या घरचे असे करत करत अठ्ठेचाळीस हजार गेले, आणि त्या वेबसिरीजचं नाव अजून गुप्तच आहे.

मी छत्तीस वर्षं परीक्षा घेतल्या. पाच वर्षांच्या पोरापासून साठीच्या आजोबांपर्यंत जिथे सगळेच्या सगळे पास होतात त्याला मी परीक्षा म्हणणार नाही, ती तिकिटाची खिडकी झाली. खऱ्या ऑडिशनमध्ये बहुतेक जण नापास होतात, आणि नापास झाल्याचं कुणी कळवतसुद्धा नाही. मुंबईतले नावाजलेले कास्टिंगवाले उघड सांगत असतात की ऑडिशनला पैसे लागत नाहीत. हिशेब सरळ आहे. नट हवा असतो निर्मात्याला, तेव्हा तो शोधून देण्याचे पैसेही निर्मात्यानेच द्यायचे. आपण बाजार समितीत तूर घेऊन गेलो आणि व्यापारी म्हणाला की "मी तुमची तूर बघतो, बघण्याचे आधी पाच हजार ठेवा," तर आपण त्याला काय म्हणू? (हमाली-तोलाई कापतात म्हणा, पण ती माल विकला गेल्यावर!)

आणि कुणाचे ऑनलाइन पैसे गेलेच असतील, तर १९३० या नंबरवर ताबडतोब तक्रार करायची. "लोक काय म्हणतील" म्हणून घरात बसायचं नाही. गप्प बसणाऱ्या आईबापांच्या भरवशावरच तर हे लोक पुढचं गाव गाठतात.

असो. पैसे गेले, पुढच्या हंगामात येतील. माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे.

भाचीच्या मुलाने आवाजाचा एक ऑनलाइन वर्ग लावला. शिकवणाऱ्याचं नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी त्याला सांगण्यात आलं की तुझा आवाज चांगला आहे पण भाषा गावठी आहे, ती आधी शुद्ध करावी लागेल, आणि त्यासाठी वेगळा कोर्स आहे. वेगळा कोर्स म्हणजे अर्थातच वेगळी फी. पोराने ते इतकं मनावर घेतलं की घरात बोलणंच बदललं. मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. त्याच्या आजीने नेहमीसारखं म्हटलं, "मले थोडं पानी दे रे." तर हा म्हणतो, "आजी, पानी नाही, पाणी. ण." म्हातारीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पानी पेलं तरी तहान जातेच नं रे बाप्पा?" सगळे हसले. पोरगं मात्र हसलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती, आणि ती स्वतःची चूक काढली म्हणून वाटते तसली नव्हती. आजीची लाज वाटत होती त्याला. माझ्यासमोर, म्हणजे मराठीच्या बाईंसमोर, आपली आजी अशी बोलते याची!

त्याला हा जो रोग झाला आहे तो आधी नव्हता. औषध विकणाऱ्यानेच तो दिला.

आता मी मराठीची शिक्षिका, माझ्या तोंडी हे शोभतं का, असं कुणी विचारेल. शोभतं. मी जन्मभर मुलांना ण आणि न वेगळे लिहायला शिकवलं, ळ शिकवला, आणि आजही शिकवीन. प्रमाण मराठी आलीच पाहिजे. अर्ज तिच्यात लिहायचा असतो, पेपर तिच्यात असतो, कोर्टाचा कागद तिच्यात असतो. ती न शिकवणं म्हणजे पोरांना वेशीबाहेर ठेवणं. पण साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम, आणि १९७२ ला त्यात घातलेली भर, हे सगळे लेखनाचे नियम आहेत. "शुद्धलेखन" असा शब्द आहे. शुद्ध बोलण्याची नियमावली महामंडळाने काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि ज्या बोलीला हे शुद्ध म्हणतात ती नमुन्याची ठरली तरी कधी? इंग्रजी अमलात, मोल्सवर्थचा कोश (१८३१) आणि पाठोपाठ कँडीसाहेबांची शालेय पुस्तकं तयार होत होती तेव्हा, पुण्याकडच्या शिकलेल्या मंडळींची भाषा हाताशी होती म्हणून. आपल्याकडे डोळ्याचा डोया होतो, गुळाचा गूय होतो, कोणचा कोन होतो, "काय करून राह्यला" असं आपण म्हणतो. त्यालाही नियम आहेत. आमच्या गल्लीतलं चार वर्षांचं पोरसुद्धा ते चुकत नाही.

शिवाय मराठीतला आद्य गद्यग्रंथ लीळाचरित्र, तो घडला कुठे? तेराव्या शतकात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. मंगरूळपीरहून सकाळी निघालं तर दर्शन घेऊन संध्याकाळी परत येता येतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना पेढे भरवले. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही झालं. आणि त्याच मुलखातल्या पोराला मोबाईलमधून कुणीतरी सांगतो की तुझी मराठी अशुद्ध, शुद्ध करायचे बारा हजार!

उच्चार आणि हेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे कोर्सवाले त्यांची मुद्दाम गल्लत करतात. शब्दाचं शेवटचं अक्षर खाणं, वाक्याच्या मध्ये श्वास संपणं, स आणि श एकच करणं, सगळी वाक्यं एका सुरात ओढणं हे दोष आहेत. पुण्याच्या पोरात असतात, मंगरूळच्या पोरात असतात, आणि ते घालवायलाच हवेत. हेल मात्र दोष नाही. माणूस कुठल्या पाण्यावर वाढला ते हेलावरून कळतं, आणि नटाला दुसऱ्याच्या अंगात शिरायचं तर आधी स्वतःचं एक अंग असावं लागतं.

बातम्या वाचायच्या असतील तर? तिथे प्रमाण मराठीच हवी, मान्य. प्रदीप भिडे (ते २०२२ मध्ये गेले) दूरदर्शनवर बातम्या वाचायचे, तेव्हा एकेक शब्द मोजून घेतल्यासारखा यायचा, आणि मी वर्गात त्यांचं उदाहरण द्यायची. स्मिता पाटीलसुद्धा सिनेमात जाण्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगायची. पोराला ते काम करायचं असेल तर प्रमाण उच्चार घोटून घोटून शिकावेत. पण पेटी शिकायची म्हणून घरातला तबला कुणी चुलीत घालत नाही. दुसरी भाषा शिकायची म्हणजे पहिल्या भाषेत भर घालायची. हे वर्ग पहिली काढून टाकायला सांगतात, कारण भर घालायला वेळ लागतो, आणि लाज वाटायला लावणं दहा मिनिटांत होतं.

जे पुढे गेले ते काय घेऊन गेले, तेही बघा. मकरंद अनासपुरे तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला गेले, ते मराठवाडी बोलणं सोबत घेऊन. "कायद्याचं बोला" (२००५) मधलं त्यांचं बोलणं इस्त्री करून काढलं तर त्या सिनेमात उरेल काय? आपले भारत गणेशपुरे अमरावतीकडचे. २०१४ पासून "चला हवा येऊ द्या" मध्ये त्यांनी जी वऱ्हाडी ऐकवली ती पुण्यामुंबईची मुलं नक्कल करून एकमेकांना ऐकवू लागली. प्रा. लक्ष्मण देशपांडे एकटे उभे राहायचे आणि "वऱ्हाड निघालंय लंडनला" मध्ये बावन्न पात्रं करायचे. (त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं, आपलं नव्हे, हे दर वर्षी वर्गात सांगावं लागायचं!) बावन्न माणसं, प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी. आवाजाच्या धंद्यात जाणाऱ्या मुलाने यापेक्षा दुसरा कुठला कोर्स करायचा?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने घेतला. म्हणाला, "बाई, आपली भाषा पडद्यावर फक्त हसवायला वापरतात. हवालदार, नोकर नाही तर गावचा येडा. हीरो बोलतो पुण्याचं." बोलतो खरा. वर्षानुवर्षं तसंच चाललं आहे आणि ते मलाही आवडत नाही. पण हे बदललं तेव्हा कुणी बदललं? "फँड्री" (२०१३) मधला सोमनाथ अवघडे सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला, हलगी वाजवणारा पोरगा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. "सैराट" (२०१६) मधली रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी, तिचाही राष्ट्रीय पुरस्कारांत गौरव झाला. आर्ची नायिका होती, विनोदी पात्र नव्हती, आणि बोलली ती अकलूजकडचंच. नागराज मंजुळेंनी त्या दोघांना निवडलं तेव्हा दोघांकडेही हनुवटीला हात लावलेले फोटो नव्हते. लाखात एखाद्याचं असं होतं हे मलाही कळतं, आणि एक सिनेमा गाजला म्हणून जन्माची सोय होत नाही हेही कळतं. माझं म्हणणं एवढंच की त्या दोघांकडे जे होतं ते विकत मिळत नाही, आणि या कोर्समध्ये गेली असती तर पहिल्याच आठवड्यात ते काढून घेतलं गेलं असतं.

आपल्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला झाडीपट्टीची रंगभूमी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा. देसाईगंज-वडसा हे तिचं ठाणं. दिवाळी झाली, धान घरात आलं, की नाटकं सुरू होतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं, शंकरपटाच्या निमित्ताने गावात पाहुणे आलेले असतात आणि बायका पोरांना मांडीवर झोपवून नाटक बघतात. हसतात तशा रडतातही. तिथले नट त्या हंगामावर पैसे मिळवतात, आणि मुंबईची टीव्हीवरची मंडळीही तिथे कामाला येतात. डॉ. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या नातेवाइकांपैकी कितींनी झाडीपट्टीचं एक नाटक पाहिलंय? मुंबईच्या "अकादमी"ची जाहिरात मात्र तोंडपाठ!

आता यंत्राचं. भाचीचा मुलगा मला म्हणाला, "आजी, हल्ली एआय पण आवाज देतो." त्याने ऐकवलं. यंत्र अगदी स्वच्छ प्रमाण मराठी बोलत होतं, फुकट, न थकता, चहासुद्धा न मागता. मी त्याला म्हटलं, अरे, तू पैसे भरून ज्या जागेवर जाऊन उभा राहणार आहेस तिथे हा आधीच बसलाय. कुठल्याच गावचा नसलेला, कुणालाही चालेल असा आवाज, ते काम यंत्र सगळ्यात आधी खाणार. तुझ्या आजीसारखं "जाते का नाही बाप्पा इथून" म्हणणं, त्यातलं रागावणं किती आणि माया किती हे आवाजात धरणं, त्याला यंत्राला अजून वेळ लागेल असं माझ्या म्हाताऱ्या कानांना वाटतं. म्हणजे जे टिकण्यासारखं आहे ते टाकायला हे शिकवतात, आणि जे उद्या फुकट मिळणार आहे ते विकतात.

यात आणखी एक सापळा आहे. घरबसल्या शंभर-दोनशे वाक्यं वाचून पाठवा, वाक्यामागे इतके रुपये, अशी कामं येतात. ती वाक्यं कशासाठी हवीत ते विचारल्याशिवाय एक अक्षर बोलू नये. तुमच्याच आवाजाचं यंत्र बनवून ते कायमचं वापरण्याचा हक्क त्या कागदात लिहिलेला असू शकतो. २०२४ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी यंत्राकडून नक्कल करायला मनाई केली. पण ते अरिजित सिंग. त्यांच्यामागे वकील उभे राहिले. आपल्या पोराने सही आधी केली आणि कागद नंतर वाचला तर त्याच्यामागे कोण उभं राहणार? मी?

मग या मुलांनी पहिली दोन-तीन वर्षं करायचं काय? इथेच करायचं, आणि भरपूर आहे.

आपल्या मंगरुळात एका दिवसात किती भाषा कानावर पडतात मोजा. घरात वऱ्हाडी. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याकडे गेलात की उर्दूमिश्रित हिंदी, तिचा झोक वेगळाच. बाजाराच्या दिवशी तांड्यावरून बंजारा बाया येतात, त्या आपसात गोरमाटी बोलतात. बंजाऱ्यांची काशी पोहरादेवी तर आपल्याच जिल्ह्यात. कापडाच्या दुकानात मारवाडी. बँकेत प्रमाण मराठी. बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेत तर सगळंच एकत्र. मुंबईच्या बंद खोलीतल्या वर्गात हे कुठून आणणार? पोराने रोज एक माणूस धरून ऐकावं. तो कुठे थांबतो, राग आला की आवाज चढतो की उतरतो, खोटं बोलताना काय होतं. नंतर घरी येऊन तसं बोलून फोनवर रेकॉर्ड करावं आणि ऐकावं. पहिले सहा महिने स्वतःचा आवाज ऐकवत नाही. ऐकायचा. शिवाय रोज अर्धा तास मोठ्याने वाचन, अर्थ कळून. अग्रलेख वाचा, पोथी वाचा, बियाण्याच्या पिशवीवरच्या सूचना वाचा. त्या सूचना नीट वाचून दाखवणारा मुलगा अजून मला भेटायचाय!

मग राज्य नाट्य स्पर्धा आहे. अमरावतीला, नागपूरला तिचं केंद्र असतं. हौशी संस्थांना कायम माणसं कमी पडतात, पडदा ओढायला तरी घेतात, आणि पडदा ओढणारा पोरगा पुढच्या वर्षी दोन वाक्यं बोलतो. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी "कट्यार काळजात घुसली" लिहिलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्यांनीच "वऱ्हाडी माणसं"ही लिहिलं, ते आपल्या पोरांच्या हातात द्या. आकाशवाणीचं अकोला केंद्र आहे, नागपूर केंद्र तर १९४८ पासूनचं. तिथे नाटकासाठी आवाजाची चाचणी होते, नैमित्तिक उद्घोषकांसाठीही होते. सरकारी असल्यामुळे जे काही माफक शुल्क असेल त्याची पावती मिळते, आणि नापास करायलाही ते कचरत नाहीत. (अमिताभ बच्चनना आकाशवाणीने घेतलं नव्हतं, हे तर आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण १९६९ मध्ये मृणाल सेन यांच्या "भुवन शोम" मध्ये निवेदनाला त्यांचाच आवाज होता, हे पुढचं कुणी सांगत नाही.) शरद केळकर तर लहानपणी अडखळत बोलायचे, तसं त्यांनीच सांगितलं आहे. हिंदी "बाहुबली" मध्ये प्रभासचा आवाज त्यांचा. "पुष्पा" (२०२१) हिंदीत गाजला तो श्रेयस तळपदेंच्या आवाजात, आणि ते त्याआधी वीसएक वर्षं नाटकं, मालिका, सिनेमे करत होते. आवाज देणारा आधी नट असतो. नुसता आवाज शिकवतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं, की तू स्वतः शेवटचं नाटक कधी केलंस?

आणि ज्यांना रीतसर शिकायचंच आहे त्यांच्यासाठी दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठातही नाट्यविभाग आहे. दिल्लीवाले पदवी मागतात आणि आधी नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. निवड झालेल्या मुलांना वर शिष्यवृत्ती देतात. पुन्हा वाचा: देशातली सगळ्यात नावाजलेली संस्था मुलांना पैसे देते, आणि हॉटेलच्या हॉलमधला तो गृहस्थ मागतो.

म्हणून माझ्या भाच्यांना, पुतण्यांना आणि शेजाऱ्यांना स्पष्ट सांगते. पदवी पुरी होऊ द्या. "मुंबईला पाठवल्याशिवाय काही होत नाही" हे बंद करा. समृद्धी मार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला, शेलूबाजारला गाडीत बसलं की त्याच दिवशी मुंबई. पण रस्ता झाला म्हणून तिथे कुणी ताटकळत उभं नाही. चार जणांत एक खोली, भाडं, वडापाव, आणि दिवसभर ऑडिशनच्या रांगा, हे दोन वर्षं चालेल एवढे पैसे आणि इथे केलेली चार-पाच नाटकं गाठीशी असली की मग खुशाल जाऊ द्या. पोर्टफोलिओचे अठ्ठेचाळीस हजार त्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवा. फोटो लागतीलच, तर आपला बसस्टँडजवळचा फोटोग्राफर साध्या उजेडात, साध्या शर्टात काढून देईल. ज्याला तुमचा चेहरा बघायचा आहे त्याला तुमचा कोट बघायचा नसतो.

मुलांना रागावू नका. त्यांची चूक नाही. आपणच पाहुणे आले की "नीट बोल" म्हणत आलो, आणि नीट म्हणजे आपल्यासारखं नव्हे, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

भाचीच्या मुलाला मी गृहपाठ दिला आहे. आजीजवळ बसायचं, तिला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारायचं, पूर्ण अर्धा तास रेकॉर्ड करायचं, मध्ये एकदाही ण सुधारायचा नाही. मग तेच सगळं स्वतःच्या तोंडून, तिच्या जागी बसून सांगायचं आणि आजीलाच ऐकवायचं. ती म्हणाली की हे मीच बोलून राह्यली, तर पास. पहिलं रेकॉर्डिंग त्याने परवा पाठवलं. मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, दोनदा कुत्रं भुंकलंय, आणि सतराव्या मिनिटाला म्हातारी गप्प झाली आहे ती चांगली अर्धा मिनिट. ते त्याने कापलं नाही. दुसरं रेकॉर्डिंग अजून यायचं आहे.